गांडूळ ओळखावे पट्ट्यावरून

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करायला कोणते गांडूळ घ्यावे, या एकाच मुद्द्याभोवती या वेळी बरीच पत्रे आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. जातींची शास्त्रीय नावे मुद्दाम दिली आहेत. गांडुळांची बाजारी नावे फार फसवी असतात आणि निम्मा घोळ त्या नावांमुळेच होतो.

प्रश्न : बागेत खणताना, कुंड्या उलट्या करताना भरपूर गांडुळे निघतात. तीच खताच्या डब्यात सोडली तर विकत कशाला आणायची?

उत्तर : बहुतेक वेळा ती डब्यात टिकत नाहीत. याचे कारण त्यांच्या राहणीत आहे. मार्सेल बुशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात गांडुळांची राहणीवरून तीन गटांत विभागणी केली. ती विभागणी डबा ठेवणाऱ्याला आजही सर्वांत जास्त उपयोगी पडते.

पहिल्या गटातली गांडुळे जमिनीवरच्या कुजत्या थरात राहतात : पालापाचोळा, शेणाचा ढीग, सडका ओंडका. ती कायमची बिळे करत नाहीत. खाणे, कोष (अंड्यांची पिशवी) घालणे, सगळे त्याच थरात. दुसऱ्या गटातली मातीच्या आत आडवीतिडवी फिरतात आणि माती खाऊन तिच्यातल्या सेंद्रिय अंशावर जगतात. तिसऱ्या गटातली मोठी असतात. ती खोल उभे बीळ करून राहतात आणि रात्री वर येऊन पाने आत ओढून नेतात. लंब्रिकस टेरेस्ट्रिस ही या गटातली प्रसिद्ध जात. तिचे बीळ एक-दोन मीटर खोल सहज जाते.

आता डब्याकडे पाहा. वीस-तीस सेंटीमीटरचा थर, त्यात माती जवळपास नाही, वरून सतत कुजणारे अन्न आणि त्या कुजण्याची थोडी ऊब. पहिल्या गटाला हे घर वाटते. दुसऱ्या गटाला खायला माती नाही, तिसऱ्याला उतरायला खोली नाही. मग ती तळाशी जाऊन गोळा होतात, सुस्तावतात आणि काही दिवसांत मरतात.

म्हणून गांडूळ हातात घेण्याआधी ते कुठे सापडले हे आठवा. मातीत फावडे रुतवल्यावर निघाले असेल तर ते मातीचे आहे. जिथे होते तिथेच परत ठेवा, तिथे ते आपले काम करतच आहे. शेणाच्या जुन्या ढिगात, पाल्याच्या दमट थराखाली किंवा ओल्या गोणपाटाखाली सापडले असेल तर डब्यासाठी ते उमेदवार ठरू शकते.

रंगही थोडी मदत करतो. उजेडाच्या जवळ राहणाऱ्या गांडुळांच्या पाठीवर गडद रंगद्रव्य असते : लाल, तपकिरी, जांभळट. मातीत राहणारी फिकट गुलाबी किंवा राखाडी असतात; त्यांच्या कातडीतून आतली माती दिसते. उष्ण प्रदेशांत कुंड्यांमध्ये नेहमी आढळणारी पोन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस ही जात अशीच फिकट असते. तिच्या शेपटीकडे भिंगातून पाहिले तर राठ केस ओळीत नसून एकाआड एक विखुरलेले दिसतात आणि शेपटी बोटाला ब्रशसारखी खरखरीत लागते. ही कुंडीत खुशाल राहू द्या, डब्यात टाकू नका.

प्रश्न : ‘लाल गांडूळ’ म्हणून घेतलेल्या पिशवीत दोन-तीन तऱ्हेची गांडुळे दिसतात. नेमकी जात घरी ओळखता येईल का?

उत्तर : बऱ्याच अंशी येईल, आणि त्यासाठी गांडूळ मारावे लागत नाही. लागते ते दहापट मोठे दाखवणारे भिंग, पांढरी बशी, साधे पाणी आणि जवळून फोटो काढणारा मोबाइल.

आधी पूर्ण वाढ झालेले गांडूळ निवडा. वयात आलेल्या गांडुळाच्या अंगावर, डोक्याकडच्या भागात, थोडा फुगीर किंवा वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. त्याला क्लायटेलम म्हणतात. कोष तयार होतो तो याच पट्ट्यापासून. पट्टा नसलेले पिल्लू पाहून जात सांगायचा प्रयत्न करू नये. तिथे अनुभवी माणसेही चुकतात.

गांडूळ खोलीच्या तापमानाच्या पाण्यात हलकेच धुऊन ओल्या बशीत ठेवा. मग त्याला अरुंद, पारदर्शक, आतून ओल्या केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत सरळ होऊ द्या आणि बाजूने उजेड पाडून फोटो काढा. फोटो मोठा केला की वलये स्पष्ट दिसतात. पट्टा ज्या टोकाच्या जवळ आहे ते डोके. तोंडाच्या वर पुढे आलेला छोटा ओठ मोजायचा नाही. त्याच्या मागचे पहिले पूर्ण वलय म्हणजे एक. तिथून मोजत पट्टा कितव्या वलयावर सुरू होतो ते लिहून ठेवा. दोन-तीन गांडुळांवर मोजणी करा, कारण पहिल्यांदा मोजताना एखाद्या वलयाची चूक होतेच.

या एका आकड्याने गर्दी दोन भागांत फुटते.

पट्टा २४ ते २७ च्या आसपास सुरू होऊन ३२-३३ पर्यंत जात असेल, म्हणजे डोक्यापासून बऱ्यापैकी मागे असेल, आणि घोड्यावरच्या खोगिरासारखा पाठीवरून दोन्ही बाजूंना उतरत असेल पण पोटाखाली पूर्ण मिटत नसेल, तर ते आयसेनिया, डेंड्रोबीना किंवा लंब्रिकस रुबेलस या मंडळींपैकी आहे. पट्टा १३ किंवा १४ व्या वलयावरच सुरू होत असेल, म्हणजे डोक्याच्या अगदी जवळ असेल, तर ते युड्रिलस, पेरिओनिक्स किंवा अमिन्थस यांच्यापैकी असण्याची शक्यता मोठी. आयसेनिया आणि पेरिओनिक्स नवख्या डोळ्याला सारखीच लाल दिसतात, पण पट्ट्याच्या जागेवरून त्यांच्यातला फरक मिनिटभरात कळतो. रंग खाद्याने, वयाने, ओलाव्याने बदलतो. पट्ट्याची जागा बदलत नाही.

आता एकेक जात.

आयसेनिया फेटिडा : लांबी साधारण ६ ते १२ सेंटीमीटर, जाडी ३ ते ४ मिलिमीटर. पाठीवर प्रत्येक वलय तांबूस-तपकिरी आणि दोन वलयांच्या मधली खाच फिकट पिवळसर, त्यामुळे अंगावर आडव्या पट्ट्यापट्ट्या दिसतात. गांडूळ ताणले की त्या जास्त उठून दिसतात. शेपटीचे टोक बहुधा पिवळट. चिमटीत धरले तर पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडते. ‘फेटिडा’ म्हणजे दुर्गंधी, हे नाव त्यावरूनच पडले. चाल मध्यम, डिवचले तर वळवळते पण उसळत नाही.

युड्रिलस युजेनी : मूळची पश्चिम आफ्रिकेतली, ‘आफ्रिकन नाइटक्रॉलर’ म्हणून विकली जाते. हिचा आकारच सांगतो : १० ते २० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब, ५ ते ८ मिलिमीटर जाड. पाठ तांबूस-तपकिरी ते जांभळट, तिच्यावर निळसर झळाळी, पोट फिकट. पट्टा १३-१४ ते १८ या वलयांवर असतो, पण तो फुगीर नसल्याने पटकन दिसत नाही. ‘आमच्या गांडुळांना पट्टाच येत नाही’ अशी तक्रार येते ती बहुधा याच जातीबद्दल. उजेड तिरका पाडला की सापडतो.

पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस : बारीक, चपळ. डोक्याकडचा भाग गडद जांभळा, मागचा तांबूस-तपकिरी, आणि उजेडात निळीजांभळी चमक, म्हणून तिला ‘ब्लू वर्म’ही म्हणतात. पट्टा १३ ते १७ वलयांवर, अंगठीसारखा पूर्ण गोल. हात लावताच सापासारखी सळसळते.

शेवटची खूण राठ केसांची. गांडुळाच्या प्रत्येक वलयावर बारीक, ताठ केस असतात, त्यांच्या आधाराने ते पुढे सरकते. आयसेनिया, लंब्रिकस आणि युड्रिलस यांना दर वलयावर आठच केस, चार जोड्यांत. पेरिओनिक्स आणि अमिन्थस यांना वलयाभोवती केसांची पूर्ण माळ. आयसेनियाचे केस साध्या भिंगातून दिसायला वेळ लागतो. पेरिओनिक्सची माळ तिरक्या उजेडात लवकर दिसते. पट्टा आणि केस या दोन खुणा जुळल्या तर उत्तर पक्के समजा.

प्रश्न : आयसेनिया फेटिडा आणि आयसेनिया आंद्रेई यांतला फरक कसा ओळखायचा?

उत्तर : ठळक आडव्या पट्ट्या असतील तर फेटिडा, सगळे अंग एकसारखे लाल असेल तर आंद्रेई. ही ढोबळ खूण आहे आणि सीमेवरच्या गांडुळांना ती लागू पडत नाही. पक्की ओळख प्रयोगशाळेतच होते. दोन्ही बराच काळ एकच जात मानल्या जात, आंद्रेईला स्वतंत्र नाव मिळाले १९७२ मध्ये. खताच्या दृष्टीने दोघींचे खाद्य, तापमान, ओलावा सारखाच. यावर वेळ घालवू नका.

एकसारख्या लाल गांडुळात खरी शंका घ्यावी ती लंब्रिकस रुबेलसची. त्याचे पोट पाठीपेक्षा खूपच फिकट असते, पाठीवर जांभळट चमक असते, शेपूट किंचित चपटे असते आणि चिमटल्यावर पिवळा द्रव येत नाही. भिंगाखाली त्याच्या डोक्यावरचा ओठ जिभेसारखा पहिल्या वलयाच्या आरपार मागेपर्यंत गेलेला दिसतो; आयसेनियात तो अर्ध्यावर थांबतो. रुबेलसही पालापाचोळ्यात राहणारे आहे, डब्यात चालते, पण वाढ आयसेनियाइतकी भराभर होत नाही.

प्रश्न : एका ठिकाणी ‘नाइटक्रॉलर’ खतासाठी उत्तम म्हटले आहे, दुसरीकडे अजिबात वापरू नका असे. खरे काय?

उत्तर : दोन्ही खरे, कारण हे नाव किमान तीन वेगळ्या गांडुळांना लावले जाते. साधा नाइटक्रॉलर म्हणजे वर आलेले लंब्रिकस टेरेस्ट्रिस. खोल बिळातले, डब्यात निरुपयोगी. आफ्रिकन म्हणजे युड्रिलस. गरम हवेत खतासाठी फार चांगले. युरोपियन म्हणजे डेंड्रोबीना व्हेनेटा. आयसेनियापेक्षा जाड, अंगावर जांभळट-करडे पट्टे, जरा जास्त ओलावा आवडणारे, डब्यात चालणारे पण सावकाश वाढणारे. घेताना शास्त्रीय नाव विचारा. देणाऱ्याला ते सांगता येत नसेल तर पट्टा मोजूनच घ्या.

प्रश्न : आमच्या डब्यातली काही गांडुळे हात लावताच उड्या मारल्यासारखी तडफडतात. ही ‘जंपिंग वर्म’ म्हणतात ती घातक जात तर नाही?

उत्तर : असू शकते (‘जंपिंग वर्म’ म्हणजे अमिन्थस गटातली गांडुळे), पण डब्यात सापडली असतील तर ती पेरिओनिक्स असण्याचीही तेवढीच शक्यता आहे. घाईने सगळी नष्ट करण्याआधी तपासा. ही गल्लत समजण्यासारखी आहे : दोघांचा पट्टा डोक्याजवळ, दोघांचा अंगठीसारखा गोल, दोघांना केसांची माळ आणि दोघेही सळसळणारे.

फरक पट्ट्याच्या रुंदीत आणि रंगात आहे. अमिन्थसचा पट्टा १४ ते १६ या तीनच वलयांवर असतो. तो गुळगुळीत, दुधट किंवा राखाडी आणि उरलेल्या अंगापासून कागदाची पट्टी चिकटवल्यासारखा वेगळा दिसतो. पेरिओनिक्सचा पट्टा पाच वलये व्यापतो आणि त्याचा रंग अंगाच्या रंगात मिसळलेला असतो. मग गांडूळ उलटे करून १८ वे वलय पोटाच्या बाजूने पाहा. पेरिओनिक्समध्ये तिथे मधोमध एक खळगा असतो आणि त्यात दोन छिद्रे एकमेकांलगत असतात. ‘एक्सकॅव्हेटस’ म्हणजे खोदलेले, ते यावरूनच. अमिन्थसमध्ये ही छिद्रे एकमेकांपासून दूर, दोन बाजूंना असतात. अमिन्थस जाडही असते आणि घट्ट पकडले तर शेपटीचा तुकडा तोडून निसटते.

अमिन्थस गटातली गांडुळे मूळची आशियातली. त्यांच्या काही जाती उत्तर अमेरिकेतल्या जंगलांत शिरून पालापाचोळ्याचा थर झपाट्याने संपवतात आणि वरची माती कॉफीच्या चोथ्यासारखी सुटी, रवाळ करून टाकतात. जिथे ही गांडुळे उपरी आहेत तिथे डब्यात सापडली तर गांडुळेही पसरवू नका आणि खतही. दिसणारी गांडुळे काढली तरी खतात कोष उरतात. असे खत पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून कडक उन्हात तापवावे; आतला मधला भागसुद्धा ४० अंश सेल्सियसच्या वर काही दिवस राहिला पाहिजे. नुसती वरची पिशवी गरम लागली म्हणजे काम झाले असे नाही, मध्ये थर्मामीटर खुपसून पाहा.

प्रश्न : डब्यात दोऱ्यासारखे बारीक पांढरे किडे हजारोंनी झाले आहेत. ही गांडुळांची पिल्ले का?

उत्तर : नाही. हे एन्किट्रिड, म्हणजे पॉटवर्म. गांडुळांचेच लांबचे भाऊबंद, पण पूर्ण वाढले तरी एक-दोन सेंटीमीटरच्या आतच राहतात. आयसेनियाचे पिल्लूही कोषातून निघताना पांढरट असते, पण त्याच्या अंगातून लाल रक्तवाहिनीची रेघ दिसते आणि काही दिवसांत ते गुलाबी होते. पॉटवर्मचे रक्त रंगहीन असते, ते दुधासारखेच पांढरे राहते. पांढऱ्या बशीत नव्हे, काळ्या कागदावर ठेवून पाहा.

ते गांडुळांना इजा करत नाहीत. पण त्यांची अशी गर्दी झाली याचा अर्थ डबा आंबट आणि फार ओला झाला आहे. एक आठवडा नवे खाद्य बंद ठेवा, फाडलेला पुठ्ठा मिसळा आणि अंड्याच्या कवचांची किंवा चुनखडीची बारीक पूड दोन मुठी भुरभुरा. विरलेला चुना मात्र वापरू नका, तो गांडुळांना भाजतो.

याच ओघात दुसरी एक ओळख. पिवळट-करड्या, चपट्या, दोन सेंटीमीटरपर्यंतच्या, स्पष्ट डोके असलेल्या आणि कडक कातडीच्या अळ्या दिसल्या तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या. त्या ताजा कचरा गांडुळांपेक्षा वेगाने खातात आणि तो भाग तापवतात. खाद्य नेहमी तीन-चार सेंटीमीटर जाडीच्या कोरड्या थराखाली पुरले तर माशीला अंडी घालायला जागा सापडत नाही.

प्रश्न : तिन्ही जातींपैकी पहिल्यांदा कोणती घ्यावी, आणि किती?

उत्तर : हवामान पाहून ठरवा, डबा जिथे राहणार तिथे थर्मामीटर आठवडाभर ठेवा आणि सकाळचा, दुपारचा आकडा लिहा.

बदलते हवामान, अनुभव नाही, डबा घरात : आयसेनिया. १५ ते २५ अंश सेल्सियसला ती उत्तम काम करते, त्याहून थंडीत मंदावते पण तग धरते, आणि ३५ च्या पुढे मरू लागते. हाताळणी आणि चुका दोन्ही सोसते. आमचा पहिला कौल तिलाच.

वर्षभर २२ ते २८ अंश असेल तर युड्रिलस. ती खाते भरपूर, वाढते झपाट्याने आणि खत रवाळ टाकते. पण थंडी तिला सोसत नाही. तापमान १५ च्या खाली जाऊ लागले की ती खाणे सोडते आणि आणखी उतरले तर डबाच्या डबा मरतो. ३० च्या वरही ती त्रासते. मोठी असल्याने डबा खोल हवा, निदान ३० सेंटीमीटर.

उष्ण, दमट हवा असेल तर पेरिओनिक्सही चांगली. ३० अंशांच्या आसपासही ती कामाला लागलेली असते. मात्र तिचा स्वभाव पळपुटा आहे. वादळी पावसाआधी, हवेचा दाब उतरला की, कालपर्यंत सुखात असलेला डबा एका रात्रीत रिकामा होऊ शकतो. नवा डबा असेल तर पहिल्या तीन-चार रात्री वर मंद दिवा लावून ठेवा आणि झाकणाच्या कडेला घट्ट बसणारी बारीक जाळी लावा. आयसेनियाचेही नव्या डब्यात पहिले दोन दिवस असेच चालते, पण ती स्थिरावते. नंतरही सगळी वर चढत राहिली तर दोष जातीचा नाही : ओलावा, आंबटपणा किंवा अमोनियाचा वास तपासा.

प्रमाण असे : ४५ बाय ६० सेंटीमीटर तळाच्या डब्याला अर्धा किलो आयसेनिया पुरते. लहानमोठी मिळून ती साधारण हजार भरतात. युड्रिलस वजनाने कितीतरी भारी, तेवढ्याच वजनात दोन-तीनशेच येतील. म्हणून नगावर नव्हे, वजनावर हिशेब करा. खाली २० सेंटीमीटर गादी : फाडलेला पुठ्ठा किंवा सुका पाला दोन भाग, जुने खत किंवा निदान पंधरा-वीस दिवस मुरलेले शेण एक भाग, आणि दाणेदारपणासाठी दोन मुठी माती. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंबच पडावेत. शेण घेताना त्या जनावरांना नुकतेच जंताचे औषध दिलेले नाही ना, हे विचारा. त्या औषधाचा अंश शेणात उतरतो आणि गांडुळांना मारतो. खाद्य सुरुवातीला दिवसाला सव्वाशे ग्रॅमपर्यंत, म्हणजे गांडुळांच्या वजनाच्या चौथाई. आधीचे दिसेनासे झाल्याशिवाय पुढचे नाही. महिन्याभराने हळूहळू दुप्पट करता येते. मीठ घातलेले काहीही नको.

प्रश्न : वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवल्या तर संकर होतो का?

उत्तर : आयसेनिया, युड्रिलस आणि पेरिओनिक्स यांच्यात होत नाही, ती कुळेच वेगळी आहेत. एकत्र राहू शकतात, पण काही महिन्यांत जी जात त्या तापमानाला जास्त मानवते तीच उरते, बाकीच्या कमी होतात. खतासाठी याने बिघडत नाही. गांडुळे इतरांना द्यायची असतील तर मात्र जाती वेगळ्या ठेवा.

प्रश्न : काही गांडुळांच्या अंगावर मण्यांच्या माळेसारखे फुगवटे आले आहेत. ही निराळी जात आहे का?

उत्तर : नाही, ही आजारी गांडुळे आहेत. पट्टा नेहमी एकच असतो आणि ठरलेल्या जागी असतो. फुगवटे अनेक आणि कुठेही. दाणे, पीठ, शिजलेले अन्न असे प्रथिनांचे खाद्य जास्त पडून ते आत आंबले की असे होते. उरलेले खाद्य लगेच काढा, थर हलका करून हवा जाऊ द्या, सुका पुठ्ठा मिसळा. फुगलेली बहुतेक गांडुळे वाचत नाहीत. बाकीची दोन-तीन दिवसांत सावरतात.

प्रश्न : गांडुळांच्या गर्दीत एक लांब, चिकट, चपटा प्राणी सापडला. डोके पंख्यासारखे, पाठीवर उभ्या रेघा. हेही गांडूळच का?

उत्तर : हा चपटा कृमी, बायपेलियम गटातला; गांडुळांचा शिकारी. ओळख सोपी : अंगावर वलये नाहीत, पट्टा नाही, केस नाहीत. उघड्या हाताने धरू नका, याच्या काही जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे विष आढळले आहे. कापूही नका, तुकड्यांतून नवे प्राणी तयार होतात. चिमट्याने उचलून मिठाच्या दाट पाण्यात टाका. डब्याच्या बाहेरची बाजू आणि तळ तपासा. कुंडीतली माती आत टाकली असेल तर ती पुन्हा टाकू नका, तो बहुधा तिच्यातूनच येतो.

(गांडूळ कापले तर दोन होतात हा समज मात्र चुकीचा. डोक्याकडचा भाग वाचला तर शेपूट पुन्हा येऊ शकते, शेपटीपासून दुसरे गांडूळ होत नाही.)

प्रश्न : मागवलेल्या गांडुळांत फारच थोडी मोठी आहेत, बाकी पिल्ले आणि बारीक दाणे. फसवणूक झाली का?

उत्तर : ते दाणे पाण्यात धुऊन पाहा. मोहरीपेक्षा मोठे, लिंबाच्या आकाराचे, तीन-चार मिलिमीटरचे, फिकट पिवळे ते तांबूस असतील तर ते आयसेनियाचे कोष आहेत आणि तुम्हाला चांगला माल मिळाला आहे. नव्या जागेत मोठ्या गांडुळांपेक्षा कोष आणि पिल्ले जास्त सहज रुळतात. कोष जितका तांबूस तितका तो फुटण्याच्या जवळ. २५ अंशांच्या आसपास साधारण तीन आठवड्यांत एका कोषातून दोन ते चार पिल्ले निघतात. पुढे सहा-आठ आठवड्यांत त्यांच्या अंगावर पट्टा येतो आणि तेव्हाच जातीची खात्री करता येते. पेरिओनिक्सचा कोष अधिक बारीक, लांबट, आणि त्यातून बहुधा एकच पिल्लू. युड्रिलसचा मोठा, टोकांना तंतू असलेला.

शंका उरलीच तर चाचणी लावा. एक लिटरची बरणी दोन-तृतीयांश ओल्या गादीने भरा, मधोमध अर्धवट कुजलेल्या सालींची एक मूठ पुरा, दहा मोठी गांडुळे सोडा, तोंडाला सुती कापड बांधा आणि बरणी अंधारात ठेवा. आठवड्याने ओतून पाहा. दहाच्या दहा जिवंत आणि सालींभोवती जमलेली असतील तर ती डब्याची गांडुळे. तळाशी गाठोडे करून बसली असतील तर मातीची आहेत, ती पिशवी मुख्य डब्यात रिकामी करू नका. जगलेली दहा पुन्हा त्याच बरणीत घाला, थोडे खाद्य द्या आणि चार आठवड्यांनी चाळून कोष शोधा.